एनबीए ड्राफ्ट: कॉलेज अर्धवट सोडून जावं का?

कॅरीकर (धागाकर्ता)

नॉर्थ कॅरोलायनात राहायचं म्हणजे बास्केटबॉलपासून सुटका नाही. आमच्या ऑफिसात निम्मे ड्यूक विद्यापीठाचे, निम्मे चॅपल हिलच्या विद्यापीठाचे, आणि एनसी स्टेट विद्यापीठवाले बिचारे दोन्हीकडून टोमणे खाणारे. मार्च संपला की दरवर्षी तोच वाद पेटतो: अमक्याने ड्राफ्टला नाव द्यावं, की अजून एक वर्ष कॉलेजात काढावं?

ज्यांना हा खेळ परका आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. एनबीए म्हणजे अमेरिकेतली व्यावसायिक बास्केटबॉल लीग. तिथे नवे खेळाडू ड्राफ्टमधून येतात, म्हणजे संघ पाळीपाळीने एकेकाला निवडतात. दोन फेऱ्या, मिळून साठच्या आसपास जागा. पहिल्या फेरीत निवड झाली तर पहिल्या दोन वर्षांच्या पगाराची हमी, पुढची दोन वर्षं संघाच्या मर्जीवर. दुसऱ्या फेरीत अशी कोणतीही हमी नियमाने मिळत नाही, जे काही मिळेल ते वाटाघाटीने. २००६ च्या ड्राफ्टपासून नियम असा आहे की खेळाडू त्या वर्षी १९ चा झालेला हवा, आणि अमेरिकी मुलगा असेल तर हायस्कूल संपून एक वर्ष उलटलेलं हवं. म्हणून एक वर्ष कॉलेजात काढायचं आणि निघायचं, ही रीतच पडली. २०१२ साली केंटकीने अशाच पोरांच्या जिवावर विजेतेपद मिळवलं, त्यात अँथनी डेव्हिस होता.

२०२५ मध्ये ड्यूकचा कूपर फ्लॅग एका वर्षात गेला. पहिल्या क्रमांकावर डॅलसने घेतला, पहिल्याच वर्षाचा पगार १ कोटी ३० लाख डॉलरच्या पुढे. त्याच्याबद्दल वाद घालण्यात अर्थ नाही. कुणाच्या आईवडिलांनी त्याला थांब म्हटलं असतं?

प्रश्न त्याच्या खालच्यांचा आहे. विसाव्या ते पंचेचाळिसाव्या क्रमांकाच्या मधे जो लटकलेला असतो, त्याचा. माझं मत आधीच सांगून टाकतो: आजच्या परिस्थितीत त्याने थांबावं. २०२१ च्या आधी मी उलट बोललो असतो, कारण तेव्हा थांबण्याचे पैसे मिळत नव्हते. आता मिळतात. जुलै २०२१ पासून कॉलेजच्या खेळाडूंना स्वतःचं नाव आणि चेहरा वापरून जाहिरातींतून कमावता येतं (सगळे त्याला एनआयएल म्हणतात), आणि २०२५ पासून कॉलेजं थेट वाटासुद्धा देऊ शकतात.

बोला.

मोरपंखी

छान विषय. पण मला एक कळत नाही, डिग्रीचं काय? वीस वर्षांचं पोर, गुडघा गेला की संपलं. आपल्याकडे निदान "आधी ग्रॅज्युएट हो, मग काय करायचं ते कर" असं म्हणतात.

डबल_ड्रिबल

@मोरपंखी, ताई, गुडघा जाण्याची भीती उलट लवकर निघण्याच्या बाजूची आहे. फुकट खेळताना गुडघा गेला तर हातात काय? २०१९ च्या फेब्रुवारीत ड्यूकचा झायन विल्यमसन नॉर्थ कॅरोलायनाविरुद्ध खेळत होता. पहिल्याच मिनिटात बूट फाटला आणि गुडघा मुरगळला. तेव्हा सगळा देश म्हणत होता की आता खेळूच नकोस, घरी बस आणि थेट ड्राफ्टला ये. तो बरा झाला, परत खेळला, पहिल्या क्रमांकावर गेला. पण प्रत्येकाचं असं होत नाही. ओहायो स्टेटचा जॅरेड सलिंजर २०११ मध्ये वरच्या क्रमांकावर गेला असता, एक वर्ष थांबला, डॉक्टरांना पाठीत दोष दिसला आणि २०१२ मध्ये २१ व्या क्रमांकावर घसरला.

आणि डिग्री कुठे पळून जाते? स्टीफन करी डेव्हिडसनमधून तीन वर्षांत बाहेर पडला, २००९ मध्ये. राहिलेलं शिक्षण त्याने २०२२ मध्ये पुरं केलं. शकील ओनील १९९२ मध्ये एलएसयू (लुइझियाना स्टेट विद्यापीठ) सोडून गेला आणि २००० मध्ये पदवी घेतली. जॉर्डनसुद्धा तीन वर्षांतच निघाला होता, १९८४ मध्ये. दोन वर्षांनी भूगोलाची डिग्री घेतली. कॉलेजचा दरवाजा चाळिशीतही उघडा असतो. एनबीएचा पंचविशीनंतर किलकिला होत जातो.

कॅरीकर

सलिंजरचं उदाहरण बरोबर आहे, पण ते एनआयएलच्या आधीचं. आज तो ते एक वर्ष फुकट खेळला नसता.

शाळामास्तर

मी निवृत्त शिक्षक, मुलाकडे न्यू जर्सीत असतो, आणि नातवामुळे हा खेळ बघायला लागलो. एक आठवण करून देतो. हे "लवकर जाणं" आज सहज वाटतं, पण त्यासाठी एक माणूस सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता.

स्पेन्सर हेवूड. मिसिसिपीत कापूस वेचत वाढलेला, दहा भावंडांतला. एनबीएचा तेव्हाचा नियम होता की हायस्कूल संपल्यावर चार वर्षं उलटल्याशिवाय प्रवेश नाही. हा दोन वर्षांत डेट्रॉइट विद्यापीठातून निघाला, आधी दुसऱ्या लीगमध्ये खेळला, मग सिएटलच्या संघात आला. लीगने हरकत घेतली, खटला झाला, आणि १९७१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने कौल दिला.

त्यानंतर लीगने जो मार्ग काढला तो मला फार मासलेवाईक वाटतो. १९७६ पर्यंत लवकर यायचं असेल तर घरची आर्थिक अडचण आहे हे दाखवावं लागे. म्हणजे आपला तहसीलदार कचेरीतला उत्पन्नाचा दाखलाच! गरीब असशील तर कमावायला परवानगी, नाहीतर बस अभ्यास करत.

"डिग्री आधी" असं मीही आयुष्यभर मुलांना सांगत आलो, मोरपंखीताई. पण ज्याच्या घरी आई दोन-दोन पाळ्या करते त्याला ते सांगणारा मी कोण, हा विचार हेवूडचं वाचल्यावर मनात येतो.

मोरपंखी

मास्तर, प्रतिसाद फार आवडला. तरी टिम डंकनचं काय? तो चारही वर्षं राहिला ना?

शाळामास्तर

हो. वेक फॉरेस्ट, मानसशास्त्राची पदवी, आणि १९९७ मध्ये पहिल्या क्रमांकावर निवड. त्याची आई तो चौदाचा होण्याच्या आदल्या दिवशी कर्करोगाने गेली, आणि शिक्षण पूर्ण करीन असं त्याने तिला वचन दिलं होतं. त्या आधीच्या वर्षांतही तो अगदी वर गेला असता. पण तो डंकन होता. कधीही गेला असता तरी वरच जाणार.

हिशेबनीस

आता जरा आकडे घेऊ, कारण इथे सगळे "पहिल्या कराराचा पगार" धरून बोलताहेत आणि खरी गंमत दुसऱ्या करारात आहे.

पहिल्या फेरीतल्याचा पहिला करार चार वर्षांचा, आणि रक्कम क्रमांकाप्रमाणे जवळजवळ ठरलेली. तुम्ही कितीही चमका, त्या चार वर्षांत फार फरक पडत नाही. खरा बाजारभाव मिळतो तो नंतर. २०२५-२६ च्या हंगामात संघाच्या पगाराची मर्यादा १५.४६ कोटी डॉलर ठरली. चार वर्षं पुरी केलेल्या तरुणाला त्याच्या २५ टक्क्यांपर्यंत मिळू शकतात, म्हणजे वर्षाला ३.८ कोटींच्या वर.

१९ व्या वर्षी आलेला २३ व्या वर्षी तिथे पोचतो. पाच वर्षांचा करार झाला तर २८ व्या वर्षी तिसरा, ऐन भरात. चार वर्षं कॉलेज करून २२ व्या वर्षी आलेला २६ ला दुसरा करार करतो आणि तिसऱ्याला ३१ चा असतो. एकतिशीच्या खेळाडूला पाच वर्षांची हमी देताना मालकाचा हात थरथरतो. म्हणजे थांबण्याची किंमत ही पुढच्या वर्षीचा पगार नाही. ती कारकिर्दीच्या शेवटच्या टोकाला, सगळ्यात महागड्या वर्षांतून कापली जाते.

हे ज्याला दुसरा करार मिळणार त्याच्यापुरतं. आणि मेख तिथेच आहे.

कॅरीकर

अगदी. विसाव्या ते पंचेचाळिसाव्यातल्या बहुतेकांच्या वाट्याला तो मोठा दुसरा करार येतच नाही. त्यांनी घड्याळ लवकर चालू केलं काय आणि उशिरा काय.

विदर्भी

काय राजेहो, आकडेच आकडे! मला एक सांगा, पोट्टं दुसऱ्या फेरीत गेलं, संघानं ठेवलं नाही, मग थो करते काय?

डबल_ड्रिबल

@विदर्भी, जी लीगमध्ये जाते भाऊ. एनबीएचीच धाकटी लीग. पूर्ण हंगामाचा पगार चाळीस-पंचेचाळीस हजार डॉलर. बसने नाहीतर साध्या विमानाने प्रवास, छोट्या गावांत सामने. त्याच्या वरची पायरी म्हणजे टू-वे करार, एक पाय जी लीगमध्ये आणि एक एनबीएत. २०२४-२५ मध्ये त्याचे ५,७८,५७७ डॉलर होते. आकडा मोठा वाटतो, पण करार एक-दोन वर्षांचा आणि कधीही रद्द होऊ शकणारा. नाहीतर मग तुर्कस्तान, ऑस्ट्रेलिया, चीन. तिथे काही जण उत्तम कमावतात, हेही खरं.

विदर्भी

म्हणजे कॉलेजात राहून जास्त मिळत असन तर बाहेर कायले जाते मंग?

कॅरीकर

हाच माझा मुद्दा! आणि पोरांना तो कळलाय. २०२१ मध्ये लवकर ड्राफ्टला नाव देणारे ३५३ होते. २०२५ मध्ये १०६. चार वर्षांत तिसऱ्या हिश्शावर आले. त्यातला काही भाग करोनामुळे मिळालेल्या जादा वर्षाचा आहे, त्याने २०२१ चा आकडा फुगला होता. पण बाकीचं काम पैशाने केलं. एनबीएने स्वतः २०२० मध्ये हायस्कूलमधून थेट येणाऱ्यांसाठी इग्नाइट नावाचा संघ काढला होता. जेलन ग्रीन, स्कूट हेंडरसन तिथलेच. २०२४ मध्ये गुंडाळला. कॉलेजच पैसे देऊ लागल्यावर तिथे कोण जाणार?

नागपाडा_एक्सप्रेस

उशिरा आलो धाग्यावर. मी मुंबईत नागपाड्याला मस्तान तलावाच्या कोर्टावर खेळत वाढलो. आमच्याकडे "प्रो व्हायचं का" हा प्रश्नच नव्हता. सीनियर नॅशनलला महाराष्ट्राकडून खेळलास, की रेल्वे, बँक, पोलीस, जिथे स्पोर्ट्स कोट्यात जागा निघेल तिथे चिकटायचं. यूबीए नावाची लीग २०१५ मध्ये आली आणि दोन-तीन वर्षांत गेलीसुद्धा. त्यामुळे तिकडचे आकडे वाचून डोळे फिरतात.

पण आपल्या लोकांचं उदाहरण कुणीच कसं दिलं नाही? सिम भुल्लर. पंजाबी आईवडील, जन्म कॅनडात, साडेसात फुटाला जरा कमी. न्यू मेक्सिको स्टेटमध्ये दोन वर्षं खेळून २०१४ मध्ये निघाला. ड्राफ्टमध्ये कुणी घेतला नाही. मग सॅक्रामेंटोने धरला, सोडला, धाकट्या लीगमध्ये पाठवला, आणि एप्रिल २०१५ मध्ये दहा दिवसांच्या करारावर आणला. भारतीय वंशाचा एनबीएत खेळलेला पहिला माणूस. एकूण सामने तीन! पुढे तैवानमध्ये खेळला.

त्याच वर्षी आपला सतनाम सिंग, पंजाबातल्या बल्लो के गावचा, फ्लोरिडातल्या अकादमीतून कॉलेज न करता थेट ड्राफ्टला गेला. डॅलसने ५२ व्या क्रमांकावर घेतला. भारतात जन्मलेला ड्राफ्ट झालेला पहिला. आम्ही इथे पेढे वाटले होते. एनबीएचा एकही नियमित सामना त्याच्या वाट्याला आला नाही.

ड्राफ्ट होणं आणि खेळणं यात किती अंतर आहे ते आम्हाला तेव्हा समजलं.

मोरपंखी

बघा, मी काय म्हणत होते!

डबल_ड्रिबल

ताई, एवढ्यात टाळ्या नकोत :) १९९८ चा ड्राफ्ट बघा. तेव्हा हायस्कूलमधून थेट यायला परवानगी होती. दोन पोरं, दोघंही दुसऱ्या फेरीत. रशार्ड लुईस ३२ वा, कॉर्लिऑन यंग ४० वा. लुईसला वाटत होतं पहिल्या फेरीत जाईन. आमंत्रित खेळाडूंच्या खोलीत बसलेला, एकेक नाव पुकारलं जातंय, खोली रिकामी होतेय, आणि हा टीव्हीवर रडताना सगळ्यांनी पाहिला.

यंग एनबीएत तीन सामने खेळला आणि संपला. लुईस दोनदा ऑलस्टार झाला, आणि २००७ मध्ये ऑर्लँडोने त्याला सहा वर्षांचे ११ कोटी ८० लाख डॉलर दिले.

वय तेच, फेरी तीच. "लवकर गेला म्हणून वाया गेला" असं म्हणणाऱ्यांनी लुईसचं काय करायचं? आणि क्वामे ब्राऊन, २००१ मध्ये हायस्कूलमधून पहिल्या क्रमांकावर गेलेला. लोक आजही फसलेल्यांच्या यादीत त्याचं नाव सगळ्यात वर घालतात. तो बारा हंगाम खेळला! असं फसायला मीही तयार आहे.

हिशेबनीस

बारा हंगाम म्हणजे पेन्शनही. एनबीएत तीन वर्षं भरली की पेन्शनचा हक्क लागतो. दुसऱ्या फेरीतल्यासाठी पहिलं खरं ध्येय तेच असायला हवं.

एक दुरुस्ती: दुसऱ्या फेरीत "काहीच मिळत नाही" असं आता राहिलेलं नाही. लीग आणि खेळाडूंच्या संघटनेतल्या २०२३ च्या करारनाम्यापासून संघांना दुसऱ्या फेरीतल्यांना तीन-चार वर्षांचे करार देण्यासाठी वेगळी सोय झाली आहे, आणि तिसाव्यानंतरच्या पहिल्या काही जणांना बऱ्यापैकी हमी मिळते. त्यामुळे ३३ वा आणि ५३ वा यांना एकाच तागडीत टाकू नका.

३३ वरून आठवलं. जेलन ब्रन्सन. व्हिलानोव्हात तीन वर्षं, दोन विजेतेपदं, पदवीही तीन वर्षांत पुरी, आणि २०१८ मध्ये ३३ वा. दुसऱ्या फेरीतला असल्यामुळे ठरलेल्या पगाराच्या जाळ्यात अडकला नाही, २०२२ मध्ये मोकळा झाला आणि न्यूयॉर्ककडून चार वर्षांचे १०.४ कोटी घेतले.

पर्ड्यू_पावभाजी

पर्ड्यू विद्यापीठाच्या गावाहून, वेस्ट लाफियेटहून हजर. आमचा झॅक ईडी कुणी काढला नाही म्हणून लिहितोय.

७ फूट ४ इंच, टोरोंटोचा. २०२३ मध्ये देशातला सर्वोत्तम कॉलेज खेळाडू, आणि त्याच मार्चमध्ये आम्ही १६ व्या, म्हणजे सगळ्यात खालच्या मानांकनाच्या फेअरली डिकिन्सनकडून हरलो. (तो दिवस आठवला की अजून जेवण जात नाही.) त्याने ड्राफ्टला नाव दिलं, जाणकारांचे अंदाज दुसऱ्या फेरीचे आले, आणि शेवटच्या मुदतीला त्याने नाव मागे घेतलं. ही सोय फार मोलाची आहे: शिकागोच्या मे महिन्यातल्या चाचण्यांना जायचं, संघांचं मत ऐकायचं, आणि चाचण्यांनंतर दहा दिवसांत परत यायचं ठरवलं तर कॉलेजचा हक्क शाबूत. पुढच्या वर्षी परत सर्वोत्तम खेळाडू, आम्ही अंतिम फेरीत (यूकॉनकडून, म्हणजे कनेटिकट विद्यापीठाकडून हरलो, असो), आणि मेम्फिसने त्याला ९ व्या क्रमांकावर घेतलं. एका वर्षात दुसऱ्या फेरीतून लॉटरीत, म्हणजे पहिल्या चौदांत.

पण कॅरीकर, तुमचं "थांबण्याचे पैसे मिळतात" त्याला तितकंसं लागू नव्हतं. कारण इथल्या प्रत्येकाला पाठ असलेला शब्द: एफ-१, विद्यार्थी व्हिसा! कॅनेडियन विद्यार्थी, म्हणजे अमेरिकेत बसून जाहिरातींची कामं करता येत नाहीत. बाजूच्या खोलीतला राखीव खेळाडू गाडीच्या शोरूमची जाहिरात करतोय आणि देशातला सर्वोत्तम खेळाडू व्हिसा सांभाळतोय. केंटकीच्या ऑस्कर शिब्वेचं तेच. तो काँगोचा. २०२२ चा सर्वोत्तम खेळाडू. संघ बहामाजला गेला तेव्हा त्याने तिथे, अमेरिकेबाहेर, जाहिरातींची कामं उरकून घेतली.

आणि हो, शिब्वेही एक वर्ष थांबला होता. २०२३ मध्ये ड्राफ्टमध्ये कुणीच निवडला नाही. टू-वेवर इंडियानाला आला.

कॅरीकर

एफ-१ चा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता, मानलं. तरी शिब्वे थांबल्यामुळे घसरला असं नाही वाटत. २०२२ मध्येही त्याला वरचा क्रमांक मिळालाच नसता. एनबीएला कॉलेजातला सर्वोत्तम खेळाडू नको असतो, २५ व्या वर्षी सर्वोत्तम होईल असा १९ वर्षांचा हवा असतो. म्हणूनच २२ वर्षांचा भरवशाचा पोरगा मागे पडतो आणि १९ वर्षांचा कच्चा पुढे जातो. ज्याचा भाव "अजून काय होऊ शकेल" यावर ठरलाय त्याने लवकर जावं, कारण दुसऱ्या वर्षी लोकांना उणिवा दिसायला लागतात. ज्याचा भाव खेळावर ठरतो, ईडीसारखा, त्याने थांबून खेळ दाखवावा.

डबल_ड्रिबल

हे पटलं. पण हे १९ वर्षांच्या पोराला स्वतःबद्दल कळणार कसं? त्याच्याभोवती प्रशिक्षक (त्याला हा हवाच आहे), एजंट (त्याला चार टक्क्यांपर्यंत दलाली हवी आहे), आणि काका-मामा. निःपक्ष कोण?

मोरपंखी

आई :)

ओवी_आई

बरोबर, म्हणूनच आले. इतके दिवस नुसती वाचत होते. माझा मुलगा दहावीत आहे, डॅलसला. ६ फूट १, शाळेच्या संघात, उन्हाळ्यात बाहेरच्या क्लबकडून खेळतो. त्या क्लबचे कोच म्हणाले, "डिव्हिजन वन (कॉलेज खेळाची सगळ्यात वरची पातळी) होऊ शकेल." तेव्हापासून घरात अभ्यासाचं नाव काढायची सोय नाही. यांना वाटतं एनआयएलमधून कॉलेजची फी निघेल. जरा खरं सांगा कुणीतरी.

कॅरीकर

ओवीताई, खरंच सांगतो. देशात हायस्कूलचं बास्केटबॉल खेळणारे मुलगे पाच लाखांच्या वर. डिव्हिजन वनची कॉलेजं ३६० च्या आसपास, प्रत्येकी तेरा-पंधरा जागा, म्हणजे चारही वर्षांचे मिळून पाच हजार. त्यातही आता ट्रान्स्फर पोर्टलमुळे (कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची यादी) प्रशिक्षक हायस्कूलच्या पोरापेक्षा दुसऱ्या कॉलेजातला तयार २१ वर्षांचा गडी उचलतात. ६ फूट १ म्हणजे गार्ड (चेंडू खेळवणारे, तुलनेने बुटके), आणि गार्डांची गर्दी सगळ्यात जास्त. खेळू द्या, आनंदाने खेळू द्या. डिव्हिजन थ्रीमध्ये खेळासाठी शिष्यवृत्ती नसते, पण उत्तम शिकवणारी कॉलेजं खेळणाऱ्या मुलांना प्रवेशात मदत करतात. तिकडेही बघा.

हिशेबनीस

ताई, फी निघण्याबद्दल. कॉलेजांनी थेट द्यायचा वाटा २०२५-२६ साठी एका कॉलेजला जास्तीत जास्त २.०५ कोटी डॉलर असा ठरला, पण तो सगळ्या खेळांत मिळून, आणि बहुतेक मोठ्या कॉलेजांत सिंहाचा वाटा अमेरिकन फुटबॉल नेतं. ज्यांची नावं इथे घेतली ती टोकाची उदाहरणं आहेत. खालच्या फळीत कुणाला बूट मिळतात, कुणाला हॉटेलात फुकट जेवण.

आणि एनआयएलचं उत्पन्न हे साधारणपणे स्वतःच्या धंद्याचं उत्पन्न धरलं जातं. १०९९ (उत्पन्नाचा करासाठीचा फॉर्म) येतो, कर कापून येत नाही, दर तिमाहीला आगाऊ कर भरावा लागतो. फुकट मिळालेली वस्तूसुद्धा करपात्र. शिवाय गरजेप्रमाणे मिळणारी आर्थिक मदत घेणार असाल तर हे उत्पन्न तिथल्या हिशेबात धरलं जातं आणि मदत कमी होऊ शकते. तेव्हा क्लबवाल्या कोचनी एखादा करारनामा पुढे केला तर सही करण्याआधी राज्याच्या हायस्कूल संघटनेचे नियम वाचा. हे नियम राज्याराज्यांत वेगळे आहेत, टेक्सासचे वेगळ्याने बघावे लागतील. व्यनि केलात तर काय काय विचारायचं त्याची यादी पाठवतो.

ओवी_आई

व्यनि केलाय. कोचनी खरंच एक कागद दिला आहे.